उटी

तीन दिवस झाले, ड्रम काही सुटेना.
मागचं उजवं चाक काढून भिंतीला टेकवलंय,
जॅकखाली फळी, फळीखाली वीट,
आणि शेडभर वास,
डिझेलचा, गंजाचा, बाबालालच्या तंबाखूचा.

बाबालाल मुजावर, कळंब्याचा.
गाडीपाशी आला की आधी बोलत नाही.
हातोडीच्या दांड्यानं वाजवून बघतो
बाजारात कलिंगड वाजवावं तसं.
ठण्ण यायला हवं होतं, ठप्प आलं.
"आतनं धरलंय वैनी."

पहिल्या दिवशी कडेकडेनं डिझेल पाजलं
आणि रात्रभर मुरू दिलं, लोणच्यागत.
दुसऱ्या दिवशी ड्रमच्या दोन भोकांत दोन बोल्ट,
पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं.
एकाच अंगाला पिळलं तर तिडा बसतो, म्हणाला,
मग घणानं बी निघत न्हाई.
तिसऱ्या दिवशी सगळं पुसून गॅसची नळी लावली,
वाळूची बादली माझ्या हातात देऊन.
बीड तापलं, कडेचा गंज
चुरचुरत पापुद्र्यानं खाली आला.
आतलं हललं नाही.

बाबालालनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"शेवटचा कुणी उभा केलावता हा?"

ईश्वरा कंबारनं. संकेश्वरकडचा. आमचा डायवर.
अकरा वर्षं झाली.
नांगरट उरकून आला तर मामंजी अंगणात,
हातात पंपाची पावती.
दोन कॅनचा हिशेब लागत नव्हता.
जे बोलले ते शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं.
ईश्वरा गप्प.
मी उंबऱ्यात चहाचा कप धरून, मीही गप्प.
त्यानं ट्रॅक्टर शेडात घातला,
किल्ली पाण्याच्या टाकीवर ठेवली,
कात्यायनीच्या उतारानं चालत गेला.
तो चहा नंतर मीच प्यायले. गार.

हे काही मी बाबालालला सांगितलं नाही.
नाव तेवढं सांगितलं.

तो सीटवर चढला. पायाखालचं पोतं,
उंदरांनी कातरलेलं, निम्मं कुजलेलं, ओढून काढलं
आणि हसायलाच लागला.
ब्रेकचं पायडल तळाला टेकलेलं,
वरनं खिटी दातात पक्की.
"तीन दिवस आपण ह्याच्यासंगट कुस्ती धरलीया,
आणि गड्यानं पाय उचललाच न्हाई की अजून!"

छिन्नीचा एक टोला. खिटी उडाली.
पायडल वर आलं, कण्हत,
झोपेतनं उठवलेल्या म्हाताऱ्यासारखं.
मग घणाच्या चौथ्या घावाला
ड्रम एकदम सुटला, आणि बाबालाल
पाचटावर बसला पाय पसरून,
ड्रम मांडीवर, लेकरू घेतल्यागत.

आत काळी पूड. एक तुटकी स्प्रिंग.
कुंभारमाशीची मातीची तीन घरं, रिकामी.
त्यानं शूवरनं अंगठा फिरवला, परत फिरवला.
"लायनिंग बघा, नव्यासारखं.
ह्यो माणूस ब्रेक मारायचाच न्हाई.
लांबनं बघून गिअरवर आवरायचा.
असल्या हाताखाली डिझेल बी कमी जातंय बघा."

मी बादलीतली वाळू बघत राहिले.

तो हात धुवायला गेला तेव्हा
मी डाव्या चाकाकडं गेले, उगीच.
मागं दगड होता.
चांगला चपटा, धार चाकाकडं करून सारलेला.
म्हणजे तेवढं सगळं ऐकून
माणूस इथं वाकला होता.
आधी दगड शोधला असणार. शेडात दगड नव्हते,
ओढ्याकडनं आणला असणार.
उताराच्या तळाला तेव्हा
माझी दोन पोरं खेळत बसायची.

ड्रम उद्या उद्यमनगरात जाईल,
लेथवर आतली कड उतरवायची आहे.
स्प्रिंग नवी, खिटी नवी.
उटी तेवढी हलवू नका, बाबालाल म्हणाला,
जॅक अजून खाली आहे.

मी विचारलं,
संकेश्वरकडं ओळखीचं कोण आहे का तुमच्या?

त्यानं आत्ताच तंबाखू टाकली होती.
हातानंच थांबा म्हणाला
आणि थुंकायला बाहेर गेला.